आतली लाइन, बाहेरची लाइन

१

ओडुन गावच्या सरकारी कचेरीत प्यो दालसिक दिवसातून वीस वेळा भांग पाडायचा, आणि त्यासाठी त्याला आरसा सरकारी खर्चाने मिळाला होता.

आरसा म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा. कचेरीत प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात बिऱ्हाडं दोन. एक आतल्या लाइनीचं. त्यात गावकऱ्यांचे दाखले, जन्म-मृत्यू, जमिनी, कोण कुठे राहतो आणि कोण आता राहत नाही, सगळं. दुसरं बाहेरच्या लाइनीचं. त्यात उरलेलं जग. दोन्ही बिऱ्हाडांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असा वरून हुकूम. म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवलेली. डबीला एक बटण. दाबलं की टक. हिरवा दिवा म्हणजे आत, तांबडा म्हणजे बाहेर. एक झोपलं की मगच दुसरं उठणार, आणि मध्ये चार सेकंद पडदा काळाकुट्ट. ना आत, ना बाहेर.

बाकीचे लोक तेवढ्यात जांभई द्यायचे. प्यो कंगवा काढायचा. एक, दोन, तीन, चार. टाळूवर उरलेल्या एकवीस केसांना डावीकडून उजवीकडे प्रवासाला धाडायला एवढा वेळ पुरे. चार म्हणताना कंगवा खिशात आणि पडदा उजेडात. सहा वर्षांत त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

तसा माणूस कामाचा होता, पण खोडकर म्हणजे किती! हाम साहेब हे त्याचे वरिष्ठ, वयाने नऊ वर्षांनी लहान. त्यांच्या खुर्चीची उंची प्योने महिनाभर रोज एकेक चिमूट कमी केली. महिनाअखेर हाम साहेब डॉक्टरकडे गेले आणि विचारते झाले, माणूस पन्नाशीत आखडतो का? तेव्हापासून कचेरीतला नियम ठरला. प्यो हसत बोलला तर खोटं. प्यो गंभीर चेहऱ्याने बोलला तर फारच खोटं.

हाम साहेबांची खोड वेगळी. एका लाइनीवरून दुसऱ्या लाइनीवर काही न्यायचं तर पाठवणीचा अर्ज करावा लागे: काय न्यायचं, किती, कशासाठी. आणि त्यावर साहेबांची मंजुरी. ती मंजुरी रोज सहाला दहा मिनिटं असताना मिळे. 'सगळे निवडा', 'मंजूर', टोपी डोक्यावर. साहेबांनी एखादा अर्ज वाचला, असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

डिसेंबरचे नऊ दिवस उरले होते आणि प्योच्या नोकरीचेही. शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला सोहीची आई, म्हणजे त्याची बायको, निळा टेम्पो घेऊन दारात उभी राहणार होती. मागे सामान बांधलेलं. तिथून तडक दक्षिणेला, समुद्राकाठी, दोन खोल्यांच्या घरात. तीस वर्षं ती म्हणत होती चला, आणि हा म्हणत होता थांब. आता तिने बजावून ठेवलं होतं, "एक मिनिट उशीर झाला ना, सोहीचे बाबा, तर मी एकटी जाईन. वाटेत कोणी बरा दिसला तर त्याला बसवून घेईन."

"त्याला भांग पाडता येतो का ते बघ," प्यो म्हणाला होता.

तर त्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं, पडदा काळा झाला, कंगवा वर गेला. पडद्यात पाठीमागची खिडकी दिसते आणि खिडकीत पर्सिमनचं झाड. पानं कधीच झडलेली. फळंही उतरवलेली, फक्त शेंड्यावर तीन ठेवलेली. पाखरांचा वाटा म्हणून ठेवतात तशी. पडद्यात ते झाड फळांनी लगडलेलं दिसलं. केशरी, वाकलेलं, अंगणभर.

पडदा उजळला. प्योने मागे वळून पाहिलं. शेंड्यावर तीन.

"मिर्यंग," त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, "चष्म्याचा नंबर वाढला की फळं जास्त दिसतात का गं?"

"नाही जुसा," ती मान वर न करता म्हणाली. कचेरीत कारकुनाला नावाने कोणी बोलावत नाही, जुसा म्हणतात. "नंबर वाढला की अक्कल कमी दिसते."

प्यो खूश झाला. शिष्य तयार झाला की गुरू खूश होतोच.

२

प्योबरोबर बादुक खेळायला मात्र कोणी तयार नसे. उभ्या-आडव्या रेघांचा पट, एकाचे काळे दगड, दुसऱ्याचे पांढरे, ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. खेळ चांगला, खेळणारा वाईट. चुकून ठेवलेला दगड समोरच्याने उचलू पाहिला की मोठ्या मनाने एखाद वेळी उचलू द्यावा, ही आमच्याकडची रीत. प्यो समोरच्याचं मनगट धरायचा. "दगड ठेवला की ठेवला!" गावच्या जुन्या मुखियाला त्याच्या सत्तराव्या वाढदिवशीसुद्धा त्याने दगड परत घेऊ दिला नव्हता. म्हातारा केक न कापता घरी गेला.

मग प्यो बाहेरच्या लाइनीवर एकटाच खेळायचा. पट उघडून ठेवायचा, काळाही तोच, पांढराही तोच. कोणी गिऱ्हाईक आलं की टक, आत. दाखला दिला की टक, बाहेर. पट जसाच्या तसा वाट पाहत असायचा.

गुरुवारी दहाच्या सुमारास त्याने काळा दगड ठेवला. एक म्हातारी दाखल्याला आली. टक. दाखला छापला, शिक्का मारला, म्हातारीला तिच्या नव्या दातांबद्दल चिडवलं. टक.

पांढऱ्याने दगड ठेवला होता.

उजवीकडच्या कोपऱ्यात, अगदी नाकावर टिच्चून. प्योने तो तसाच ठेवला असता. पण त्याने ठेवला नव्हता.

"मिर्यंग, माझ्या पटाला हात लावलास?"

"जुसा, तुमच्या टेबलाला हात लावायचा तर मला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

"मग पांढरा कोण खेळला?"

"तुम्हीच खेळलात आणि विसरलात. सरकार निवृत्तीचं पत्र उगाच पाठवत नाही."

प्योला उत्तर पटलं, पण पुरतं नाही. त्याने एक काळा दगड ठेवला, बटण दाबलं आणि हिरव्या दिव्यासमोर हाताची घडी घालून बसला. उठला नाही. पाणी प्यायला नाही. दहा मिनिटं कोणालाही टेबलाच्या आसपास फिरकू दिलं नाही. मग टक.

पांढरा खेळला होता. चांगला खेळला होता, हे जास्त खटकलं.

दुपारी मोठ्या कचेरीतून मेंग आली. पोरगी हुशार, मशिनं दुरुस्त करणारी, आणि प्योच्या नावानेच तिच्या कपाळावर आठी.

"आधीच सांगते जुसा, गेल्या खेपेला कॉम्प्युटरने अंडं घातलं म्हणून तुम्ही मला चाळीस किलोमीटर बोलावलंत."

"घातलं होतं की! तू डोळ्यांनी पाहिलंस."

"उकडलेलं होतं ते!"

"मशीन गरम होतं, तो माझा दोष?"

तिने हसू दाबून झाकण उघडलं, आतल्या तारा दाखवल्या. "हे आतलं, हे बाहेरचं. हिरवा लागला की बाहेरच्याला वीजच जात नाही. तेवढा वेळ तो मेलेला असतो."

"मेलेला माणूस पट मांडून बसतो का गं?"

"मेलेल्यांचं मला माहीत नाही. जिवंत माणसं खोट्या तक्रारी करतात, एवढं पक्कं ठाऊक आहे."

तिने तार बदलली, बटण दाबून पाहिलं. टक. आणि मग, कुठूनतरी खालून, भिंतीपलीकडे कोणी तेच बटण दाबावं तसं, बारीक: टक.

मेंगने मान तिरपी केली. "दोनदा वाजलं का?"

"मला विचारतेस? मी तर खोटं बोलतो."

तिने पुन्हा दाबलं. या खेपेला एकदाच. "डबी जुनी झाली असेल," ती म्हणाली आणि हत्यारं आवरू लागली. "नवी पाठवते. जानेवारीत."

जाताना मात्र ती दारात थांबली, डबीकडे एकदा वळून पाहिलं आणि मग गेली. प्योला चिडवायची संधी होती. त्याने का घेतली नाही कोण जाणे.

३

पण प्यो भिणाऱ्यातला नव्हता. भीती वाटायला माणसाला फुरसत लागते आणि याला तर तीस वर्षांनी जोडीदार सापडला होता. सकाळी काळा, थोड्या वेळाने पांढरा, जेवणाआधी काळा, जेवणानंतर पांढरा. शुक्रवार गेला. सोमवार गेला. शनिवार-रविवारी त्याला घरी करमलं नाही. सोहीच्या आईने विचारलं, "कुठली बाई आहे?" तर हा म्हणतो, "बाई नाही, पांढरा आहे." ती म्हणाली, "मग हरकत नाही," आणि भांडी कागदात गुंडाळू लागली.

पांढऱ्याची चाल ओळखीची होती. आधी साधा भोळा चेहरा, मग मागून चिमटा. जिथे प्यो फसवायला जाई, तिथे तो आधीच जाऊन बसलेला. याला कोणी शिकवलं असेल, असा विचार करताना प्योला आपले वडील आठवले, मग आपण स्वतः आठवलो, मग तो विचार त्याने सोडून दिला.

मंगळवारी त्याने पटाशेजारी एक कोरं पान उघडलं आणि त्यावर टंकलं:

कोण रे तू? खेळतोस बैलासारखा.

टक. टक. पान तसंच. पांढऱ्याने फक्त चाल खेळली होती आणि प्योचे चार दगड घेरले होते.

बोलत नाहीस? जिभेवर शेवाळ धरलं काय?

संध्याकाळी पावणेसहाला तो बाहेरच्या लाइनीवर आला, तर त्याच्या ओळीखाली एक ओळ होती. त्याच अक्षरात, त्याच मापात.

माझी पाळी कधी?

प्यो मोठ्याने हसला. पटावर खरोखरच पांढऱ्याची पाळी होती. काळा खेळून बसला होता. म्हणजे एवढा तरबेज गडी, आणि पाळी कोणाची हेही कळेना! चिडवायची याहून चांगली वेळ कुठली?

घे की बाबा, त्याने टंकलं. तुझीच आहे. घे तुझी पाळी, मी कोणाची अडवत नाही.

आणि टेचात बटण दाबलं. टक. पडदा काळा झाला, कंगवा वर गेला. एक, दोन, तीन. टक, असं खालून वाजलं. चार.

बुधवारी सकाळी पट उघडला. पांढऱ्याने दगड ठेवला नव्हता. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. पटावर सगळं तसंच, आणि तरी पानावरची ती ओळ पुसलेली. आता तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारायचं होतं ते विचारून झालं होतं.

४

शेवटचा दिवस. सकाळपासून माणसांची रीघ. कोणी संत्री आणली, कोणी वाळवलेले मासे, मुखियाने रिकाम्या हाताने येऊन दोन शिव्या दिल्या आणि डोळे पुसले. प्योने सगळ्यांना पुरेल एवढी चेष्टा केली. पटाकडे बघायला त्याला वेळ झाला नाही, किंवा त्याने होऊ दिला नाही.

पाच वाजून गेल्यावर टेबल आवरताना त्याने आतल्या लाइनीवर आपल्या नावाचे जुने अर्ज तपासले. काही अर्धवट राहू नये म्हणून. सगळे निकाली. एक सोडून.

पाठवणीचा अर्ज. अर्जदार: प्यो दालसिक. बाहेरून आत. काय न्यायचं: प्यो दालसिक. किती: एक. कशासाठी: पाळी. मंजुरी: बाकी.

प्योने चष्मा काढला, पुसला, लावला.

"मिर्यंग," तो म्हणाला, "मानलं तुला. निरोपाची खोडी म्हणजे अशी हवी. आता हा अर्ज मागे घे."

मिर्यंग उठून आली, वाचलं. "मी नाही केला जुसा. तुमच्या नावाने तुम्हीच करू शकता, तुमचं बोट लागतं."

ती हसत नव्हती. मिर्यंग खोटं बोलताना हसते. हे त्यानेच तिला कितीदा सांगून सुधारायचा प्रयत्न केला होता.

अर्ज ज्या लाइनीवरून केला तिथूनच मागे घेता येतो. प्योने बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि हात सवयीने खिशात गेला.

आरशातला माणूस आपल्याच बाजूचा हात उचलतो. आपण उजवा उचलला की तो आपल्या उजवीकडचा उचलतो. समोर बसलेला माणूस मात्र उजवा उचलतो तो आपल्या डावीकडे दिसतो. एवढी साधी गोष्ट. प्योने वीस वेळा गुणिले सहा वर्षं पाहिलेली.

त्याचा कंगवा उजवीकडे वर गेला. पडद्यात कंगवा डावीकडे वर गेला.

पडद्यातल्याच्या मागे झाड लगडलेलं होतं. खोलीत, त्याच्या खांद्यावरून दिसणाऱ्या खोलीत, माणूस एकही नव्हता. पडद्यातल्याने भांग पाडला. सावकाश. मग त्याने कंगवा खिशात घातला आणि प्योचा अजून वरच होता.

चार. पडदा उजळला. बाहेरच्या लाइनीवर अर्जांची यादी रिकामी. मागे घ्यायला तिथे काही नव्हतंच. होता फक्त पट, आणि पान.

प्योने पान पुढे घेतलं. त्याने टंकलं: ती पाळी पटावरची होती. ही चाल मी परत घेतो. एकदाच.

टक. आत. अर्ज तसाच. टक. बाहेर. या दोन्ही खेपांना त्याने पडद्याकडे पाहिलं नाही, टेबलाच्या लाकडाकडे पाहिलं.

पानावर उत्तर आलं होतं.

दगड ठेवला की ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात सहाला सोळा मिनिटं होती.

५

हाम साहेबांच्या टेबलाभोवती गर्दी जमली होती. मध्ये तांदळाच्या वड्यांचं ताट, त्यावर मेणबत्ती. फुलांचा गुच्छ मिर्यंगच्या हातात. प्यो गर्दीत शिरला तसे सगळे टाळ्या वाजवू लागले.

"साहेब," प्यो म्हणाला, "आज मंजुरी देऊ नका."

"का हो जुसा? कॉम्प्युटर बाळंत झाला?"

हशा पिकला.

"माझ्या नावाचा एक अर्ज आहे. तेवढा नामंजूर करा. हात जोडतो."

प्योने हात जोडलेले कोणी कधी पाहिले नव्हते. गर्दी आणखी हसली. कोणीतरी म्हणालं, "शेवटची खोडी! नीट बघा रे, शेवटची आहे!" एक जण मोबाइल काढून चित्रण करू लागला. प्यो जितका गंभीर होई, तितके लोक लोटपोट होत. तीस वर्षं घाम गाळून बनवलेली प्रतिष्ठा, ती अशी ऐन वेळी उपयोगाला आली.

"चेहरा बघा चेहरा," मुखिया म्हणाला. "असाच चेहरा करून त्याने मला कचेरी विकायला काढली होती."

"साहेब, तुमची खुर्ची मीच खाली केली होती," प्यो म्हणाला. "महिनाभर. तुम्ही आखडला नव्हतात. हे मी कबूल करतोय, म्हणजे बघा."

हाम साहेबांचं हसू जरा थांबलं. त्यांनी प्योकडे नीट पाहिलं, आणि बहुतेक तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या चेहऱ्यामागे काही दिसलं असावं. माणूस वाईट नव्हता. आळशी होता, पण आळस म्हणजे वाईटपणा नव्हे.

"बरं, बरं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही म्हणता तर नामंजूर. बसा तुम्ही. एवढं काय त्यात?" त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, पडद्याकडे वाकले, अर्जांची यादी उघडली. "कुठला? हा? प्यो दालसिक, एक. काय हो हे, स्वतःलाच पाठवताय?"

"तोच. तेवढाच. नामंजूर."

"नामंजूर," हाम साहेब म्हणाले.

तोंडाने ते नामंजूर म्हणाले. हाताने 'सगळे निवडा' दाबलं, 'मंजूर' दाबलं आणि तो टोपीकडे गेला. हाताला कोणी काही सांगितलंच नव्हतं. घड्याळात सहाला दहा होती.

टोपी डोक्यावर ठेवता ठेवता हाम साहेबांचा हात थबकला. "अरेच्चा," ते म्हणाले. "हात गेला हो. सवयीने गेला. सोमवारी रद्द करू, हां? जुसा?"

प्यो तिथे नव्हता. तो पळत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, टेबलांच्या रांगेतून, आणि मागे हशा. त्याच्या डोक्यात स्पष्ट होतं काय करायचं. तारा, डब्या, दिवे, लाइनी, सगळं गेलं खड्ड्यात. भिंतीतला प्लग उपटला की कुठलं आत आणि कुठलं बाहेर? याला बुद्धी लागत नाही, मनगट लागतं. तो गुडघ्यांवर बसला, टेबलाखाली शिरला, धुळीतून हात लांब केला. प्लग हाताला लागला. घट्ट धरला.

वर, डोक्यावर, टक.

बटणापाशी कोणी नव्हतं.

त्याने प्लग उपटला.

६

प्लग हातात होता आणि गंमत म्हणजे त्याला अगदी शांत वाटलं. जमलं, तो मनाशी म्हणाला. जिंकलो. आता वर जाऊन हाम साहेबांच्या टोपीत तांदळाची वडी घालायची.

शांतता मात्र जास्तच होती. हीटरचा घरघर आवाज थांबलेला. एकाच प्लगवर असेल. हशाही थांबलेला. एकाच प्लगवर हशा नसतो.

तो टेबलाखालून बाहेर आला.

खुर्च्या जागच्या जागी, आत सरकवलेल्या. ताट नाही. मेणबत्तीचा वास नाही. टेबलांवर एक कागद नाही. खिडकीत पर्सिमनचं झाड उभं होतं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लगडलेलं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली गळून पडलेल्या फळांचा थर. इथे खायला पाखरू नव्हतं.

पडदा काळा होता. काळ्यात कचेरी होती.

मेणबत्ती जळत होती. हाम साहेब, मिर्यंग, मुखिया, गुच्छ. त्यांच्या मधोमध एक जण टेबलाखालून आल्यासारखा गुडघे झटकत उभा राहिला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण हाम साहेब पोट धरून वाकले, मुखियाने चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मिर्यंग इतकी हसली की तिला गुच्छ खाली ठेवावा लागला. प्योच्या कुठल्याच विनोदाला ती एवढी हसली नव्हती. त्याही अवस्थेत प्योला त्या दुसऱ्याची थोडी असूया वाटली.

मग दारातून सोहीची आई आली. तपकिरी कोट, गळ्यात मफलर, हातात टेम्पोची किल्ली. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. तिने बोट वर केलं. केसांकडे. एकवीस केस उजवीकडून डावीकडे गेले होते.

त्याने खांदे उडवले, काहीतरी म्हणाला.

ती हसली. पण हसता हसता तिची नजर त्याच्यावरून सरकली, टेबलाकडे आली, काळ्या पडद्याकडे आली. ती पुढे आली. अगदी पुढे. तिचा श्वास काचेवर उमटला असता, एवढी. प्योने दोन्ही तळहात काचेवर ठेवले. "सोहीची आई," तो म्हणाला. "अगं, इकडे. इकडे बघ." ती त्याच्याच डोळ्यांत बघत होती. तीस वर्षं जिला थांब म्हटलं, ती थांबली होती. तिच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी आठवायचं राहून गेल्यासारखी.

मग तिने काचेत पाहून मफलर नीट केला आणि वळली.

तिच्या मागच्या घड्याळात सहाला एक मिनिट होतं. उशीर झाला नव्हता.

दिवे एकेक करून गेले. शेवटी गेली ती मेणबत्ती. निळ्या टेम्पोचा हॉर्न वाजला, दोनदा, पाण्याखालून यावा तसा. मग काचेत काहीच उरलं नाही. प्योने कंगवा काढला, उजवा हात वर केला. काचेत कुठलाच हात वर गेला नाही.

टेबलावर पट मांडलेला होता. खरा, लाकडी, दगडांवर धूळ. डाव तोच. फक्त कोपऱ्यात एक पांढरा दगड नवा होता, काळ्याला सगळीकडून बंद करणारा. छान चाल. प्यो तीच खेळला असता.

पाळी आता काळ्याची होती. प्यो खुर्चीवर बसला, पाठ ताठ केली आणि मोजायला लागला, कारण हा काळोख चार सेकंदांचा असतो, सहा वर्षांत कधी जास्त झाला नव्हता. एक. दोन. तीन. चार.

त्याने पाच म्हटलं नाही. पुन्हा एकपासून घेतलं.